जर्मनचा सराव

दातिवऱ्याची दिशा नर्स म्हणून जर्मनीला जाणार होती. बोईसरच्या क्लासचा नियम कडक होता. सराव घरीसुद्धा जर्मनमधूनच करायचा, मातृभाषेचा एक शब्द चालणार नाही. म्हणून बोंबील वाळत घालून आलेल्या आईला ती रोज पेशंट करून खाटेवर बसवायची आणि जर्मनमधून विचारायची, "कुठे दुखतंय?"

एकदा आई पोटावर हात ठेवून काही सांगायला लागली.

"आये, मराठी नको. नुसतं 'नाइन' म्हण. नाइन म्हंजे नाय."

सहा महिने आई 'नाइन' म्हणत राहिली. दिशा पहिल्या फटक्यात पास झाली.



हातातला पेढा तसाच धरून आईने विचारलं, "आता मराठीत सांगू काय गो, कुठं दुकते ते?"