शर्वरीच्या मापाचा गोल

शर्वरी गोलमध्ये येऊन उभी राहिली, तसे दोन्ही खांब घरघरत तिच्याकडे सरकले आणि वरचा दांडाही खाली आला. आइस हॉकीत गेली दोन वर्षं कॅमेरा गोलकीपरचं माप घ्यायचा. धिप्पाड असेल त्याला मोठा गोल, बुटका असेल त्याला लहान.

सराव सामना बघायला आलेल्यांपैकी कोणीतरी ओरडलं, "एवढ्याशा खिडकीत काय, कोणीही अडवेल!"

शर्वरीच्या मस्तकात तिडीक गेली. तिने सहा फुटी राखीव गोलकीपरला हाक मारली.

"जुईली, माझ्या जागी उभी राहा जरा."

जुईली उभी राहिली आणि खांब पुन्हा लांब गेले. शर्वरीने लगेच मागचा प्लग उपटला.

"हं, हो आता बाजूला."

प्रशिक्षक घारपुरे सर बर्फावरून धडपडत आले. "अगं, हा नियम तुझ्याच भल्यासाठी केलाय!"

"मी मागितलं होतं का? बुटकी होते म्हणून झेप घ्यायला शिकले, सर. तुम्ही लोकांनी झेप घ्यायला जागाच ठेवली नाहीत!" ती समोरच्या खेळाडूवर खेकसली, "बघतेस काय? मार!"

रबरी चकती तिच्या खांद्यावरून सणसणत जाळीत गेली. सगळे चुकचुकले. सर प्लग उचलायला वाकले, पण शर्वरीने तो बुटाच्या पात्याखाली चिरडला.

"हात लावू नका. दोन वर्षांनी माझ्यावर खरा गोल झालाय. आता जो अडवीन, तोही खराच असेल."