माळ्यावरचे गठ्ठे

सरकार बदललं की राज्यशास्त्र विभागाचा अभ्यासक्रम बदलायचा, आणि अभ्यासक्रम बदलला की शिपाईमामा शिडी घेऊन यायचे. जुनी पुस्तकं, मॅडमच्या टिपणांच्या वह्या, सगळं सुतळीनं आवळून, डांबराच्या दोन गोळ्या टाकून माळ्यावर चढवायचे.

पहिल्या वेळी मॅडम वैतागल्या होत्या. "मामा, कशाला जपताय? द्या रद्दीत."

"असू द्या, मॅडम. पाच-सात वर्षांत परत लागतं."

आणि लागलंच, तेही दोनदा. दोन्ही वेळा मामांनी गठ्ठा उतरवून धूळ झटकली, आणि मधे काही घडलंच नाही अशा आवाजात मॅडमनी त्याच वह्यांवरून शिकवलं. कुलगुरूंपेक्षा मामांना राजकारण जास्त कळतं, असं म्हणून विभागात सगळे हसायचे.

आज नवी पुस्तकं आली. कपाटात लावता लावता मामांनी एक प्रत उघडली, अनुक्रमणिकेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं. शिडी आणली, ती माळा रिकामा करायला. तीस वर्षांचे गठ्ठे त्यांनी रद्दीवाल्यासाठी दारात रचले.

मॅडम लगबगीनं पुढे आल्या. "अहो मामा, परत लागतील ना?"

मॅडमसमोर कधीही न बसणारे मामा खुर्चीवर टेकले.



"आता नाही लागायचे. निवडणुकीचा धडाच काढून टाकलाय."