कळंबच्या अलीकडे

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत आणली ती थेट अब्दुल गनीच्या गॅरेजसमोर. बाभुळगावात ऊन माथ्यावर आलं होतं. पंधरा दिवसांत ही दुसरी खेप.

हंसाबाई खाली उतरण्याआधी तिचा आवाज उतरला.

"गनीभाई, त्या दिग्रसवाल्यानं आम्हाले गाडी इकली का चूल? कळंबच्या अलीकडे आली का उकळते. चहाचं भगुनं ठेवा म्हना वर!"

गनी हसला नाही. मागच्या सीटवर तिचा लेक राजकुमार तोंडाला मास्क लावून बसला होता. बत्तीस वर्षांचा गडी, पाय सुजून खांबासारखे झालेले. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आईची एक त्याला बसवायची होती, जुळतही होती. नागपूरच्या दवाखान्यात मायलेकांची शेवटची तपासणी तेवढी राहिली होती. दोन तारखा या गाडीनं बुडवल्या. तिसरी परवाची. ती हुकली तर नंबर सहा महिने मागे. अन् राजकुमारच्या तोंडाकडे पाहून कोणीही सांगितलं असतं, सहा महिने त्याच्यापाशी नाहीत.

"परवा भाड्याची गाडी करा ना, भाभी," गनी म्हणाला.

"अन् कोनाकोनाच्या खोकल्यात बसवू त्याले? डॉक्टरनं बजावलं हाय. म्हनून तर घरची घेतली."

तिच्यापुढे कोण बोलणार? किडनी देते हे तिनं तांड्यावर नायकाच्या ओट्यासमोर, भरल्या माणसांत सांगितलं होतं. 'नऊ महिने आख्खा पोटात वागवला, आता एवढुशा तुकड्याले कायले भ्याचं?' तिचं ते बोलणं बाजारापर्यंत पोचलं होतं. लोक आपल्या सुनांना हंसाबाईचा दाखला देत.

इंजिन निवलं तसा गनी कामाला लागला. मागच्या खेपेला त्यानं रेडिएटर धुतला होता, झाकण बदललं होतं, पाइप आवळले होते. पंखा बरोबर फिरत होता. तेलाची कांडी काढून पुसून पाहिली, तेलात पाण्याचा अंश नव्हता. म्हणजे आतलं पॅकिंगही शाबूत.

"डायलिसिसले यवतमाळले जाता, तेव्हा तापते?" त्यानं विचारलं.

"नाही," राजकुमार आतून म्हणाला. "आठवड्यातून दोनदा जातो, काका. एकदाही नाही तापली. नागपूरले निघालो का मंगच."

"तिच्यात भूत बसलं हाय, दुसरं काय!" हंसाबाई कडाडली. "पाह्यटे उठून मी सोता नारळ फोडला तिच्यासमोर. हळदकुकू वाह्यलं. तरी मेलीनं तोंड काळं केलंच."

गनी पोतं टाकून गाडीखाली सरकला.

रेडिएटरच्या बुडाशी पाणी सोडायचं बूच असतं. ते जरासं सैल होतं. वाटभर पाणी गळत होतं, अन् कळंब येईस्तोवर टाकी कोरडी पडत होती. मागच्या वेळीही ते असंच सैल सापडलं होतं. खड्ड्यांनी सुटलं असेल समजून त्यानं आवळून टाकलं होतं. आटे चांगले, वायसर नवं. एकदा सुटलं तर रस्त्याचा दोष. दोनदा सुटलं, अन् तेही नागपूरच्याच दिवशी, तर माणसाचा.

गनी तसाच पडून राहिला. चाकाच्या फटीतून त्याला उत्तमसिंगच्या चपला दिसत होत्या. हंसाबाईचा नवरा, तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. लेकरं मोठी होईपर्यंत नवरा-बायको त्याच ट्रकच्या केबिनमध्ये फिरले, तिथंच रांधलं, तिथंच झोपले. आता म्हातारपणी त्याची बायको चाकूखाली जाणार होती.

गनीनं त्याला जुन्या टायरांच्या आडोशाला नेलं.

"उत्तमभाऊ, पान्याचं बूच कोनी सोडलं?"



"म्या."

"अरे, लेकाचा जीव हाय थो! बाप ना तुमी?"

"मालूम हाय."

"अन् भाभी तिकडे त्या दिग्रसवाल्याले शिव्या देऊन राह्यली..."

"तिले काही बोलू नोको, गनी." म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला. "जे बोलाचं थे मले बोल."

गनीनं हात सोडवून घेतला. पुन्हा गाडीखाली गेला. बूच पकडीनं आवळलं, वरून तार घेतली अन् पीळ देऊन पक्की बसवली. टाकी काठोकाठ भरली. तासभर इंजिन चालू ठेवलं. काटा मध्यावर आला अन् तिथंच थांबला.

"झालं," तो म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. "आता पकडीबिगर कोनाच्या बापाच्यानं सुटत नाही. परवा बिनघोर जा. नागपूर येईस्तोवर गाडी थंडगार."

राजकुमारनं आतूनच हात जोडले. मास्कवरचे त्याचे डोळे किती दिवसांनी हसले. "याडी, चाल," त्यानं आईला हाक मारली.

"बस तू. तुमीबी बसा हो," ती नवऱ्याला म्हणाली. "मी घोटभर पानी पिऊन येतो."

ती गॅरेजच्या आत माठापाशी आली. गनीनं पेला भरून दिला. तिनं तो तोंडाला लावला नाही, नुसता दोन्ही हातांत धरून ठेवला. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत ती थांबली. मग बोलली ते इतकं हळू, की गनीला पुढं वाकावं लागलं.

"गनीभाई, थे तार काढा. अन् बूच माह्या हातानं सुटंल इतकंच आवळा."