चालू सामना

बँकेतली पक्की नोकरी सोडून मी सेंट लुईसमध्ये मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज टाकलं, तेव्हा बाबा भरपूर बोलले. गॅरेज चालायला लागलं, तसे मात्र त्याबद्दल चकार शब्द काढेनात. रोज संध्याकाळी यायचे, उलट्या बादलीवर बसून खाऱ्या शेंगा फोडायचे आणि मी लहान असताना आम्ही पाहिलेला तो बेसबॉलचा सामना उगाळत बसायचे.

"काय चेंडू टाकायचा तो पिचर! नऊपैकी आठ डाव टाकले, पण समोरच्या एकालाही फटका मारू दिला नाही."

"हो, आणि मी तेच मोठ्यानं म्हणायला गेले, तर तुम्ही माझं तोंड दाबलंत!"

"मग? चालू सामन्यात ते बोलायचं नसतं. दृष्ट लागते. त्याचे स्वतःचे खेळाडूसुद्धा त्याच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते."

काल दारात गाड्यांची रांग लागलेली पाहून मला राहवलं नाही.

"बाबा, सगळी आळी म्हणतेय, तुमच्या नोरीननं नोकरी सोडून जुगार खेळला आणि जिंकली. तुम्हीही एकदा म्हणा की, माझं छान चाल–"

पुढचं अक्षर निघायच्या आत त्यांचा खारट हात माझ्या तोंडावर होता.