बिनझिंकच्या ओळी

मक्याच्या मधे लावलेल्या चवळीला झिंक फवारलं की ती जोमाने येते, हे बाबांना सिद्ध करायचं होतं. म्हणून एका ओळीवर ते फवारा मारत आणि तुलनेसाठी शेजारची ओळ मुद्दाम तशीच ठेवत. तीन वर्षं सगळ्या ओळी सारख्याच हिरव्यागार आल्या. बांधाला लागून शेत असलेले काका म्हणत, "काय शास्त्रज्ञ, पुढच्या वर्षी नुसतं पाणीच फवारून बघा!" बाबा वहीत 'फरक नाही' असं लिहीत आणि दोन दिवस कोणाशी बोलत नसत.

यंदा बाबा नाहीत. वहीत बघून फवारणी मी केली, आणि पहिल्यांदाच बिनझिंकच्या ओळी पिवळ्या पडल्या. मी आईला हाताला धरून शेतात आणलं. "आई, बाबांचं बरोबर होतं गं!"

आई ओशाळली. "दरवर्षी हे जेवून आडवे झाले की या ओळींना मीच झिंक मारायचे. एकीला वाढायचं आणि शेजारणीला उपाशी ठेवायचं, मला नाही बघवत."

"मग यंदा का नाही मारलंस?"



"पकडायला हे नाहीत, मग चोरून करण्यात काय मजा?"