सिनेमातली तिरडी

“काकू, जरा मागं सरा ना, फोटोत येताय!”

गुमही मागे सरली. कोरियाच्या राजधानीतून, सोलहून आलेलं ते कोवळं जोडपं तागाचे सुतकी कपडे चढवून फोटो काढून घेत होतं. पोरगी कागदी फुलांच्या तिरडीमागे बसली, छाती बडवली आणि “आइगो, आइगो” असा गळा काढला. पोराने खटाखट फोटो काढले. मग दोघंही पोट धरून हसली.

साठेक वर्षांपूर्वी या बांधावर एका सिनेमातली अंत्ययात्रा चित्रित झाली होती. सिनेमा गाजला, पुढे लोक त्याला अभिजात म्हणू लागले. मग तालुक्याने बांधाच्या वळणावर तशीच एक तिरडी आणून ठेवली आणि शेजारी त्या प्रसंगाचा भलामोठा फोटो उभा केला. फोटोत तिरडीमागे एक तरुण बाई मातीत कोसळून रडते आहे. ती गुमहीची आई. रडायला म्हणून गावातल्या चार बायका उभ्या केल्या होत्या, त्यातली एक.

आईला जाऊन तीन महिने झाले होते आणि गुमहीच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. थोरल्या लेकीने गळा काढायचा, ही रीत. ती मात्र आल्यागेल्याला तिखट रस्सा वाढत राहिली. “आईवर गेलीय,” मावश्या कुजबुजल्या. त्यांचं काय चुकलं? बाप गेला तेव्हा आईने तरी कुठे डोळे ओले केले होते? आई म्हणजे कोरडी ठणठणीत. रागावणं नाही, जवळ घेणं नाही. वेळेवर भात वाढायची, बस. आणि हीच बाई इथे परक्यांच्या रिकाम्या तिरडीमागे धाय मोकलून रडली होती. गुमहीला याचा राग यायला हवा होता. तोही येत नव्हता. घरच्यांनी असं काय पाप केलं होतं, एवढंच कुणाला तरी विचारायला ती शहरातून इथे आली होती.

बांधाच्या कडेला लाकडी बाजेवर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. बुन्ये आजी. गावात त्या काळची आता ती एकटीच उरली होती.

“आजी, ही फोटोतली बाई तुम्हाला आठवते?”

“न आठवायला काय झालं? चिलबोकची आई. माझ्या शेजारचंच घर.”

“नाही आजी, तुमची गल्लत होतेय. ती माझी आई. तिला सगळे गुमहीची आई म्हणायचे. गुमही म्हणजे मी. मीच थोरली.”

म्हातारीचा हात लसणीवरच थांबला. तिने गुमहीच्या तोंडाकडे पाहिलं.

“सांगितलं नाही होय तिनं,” ती म्हणाली. “माझी जीभ झडो. बाई तिच्या पहिल्या पोराच्या नावानं ओळखली जाते, पोरी. तिचं पहिलं पोर चिलबोक. चार वर्षांचा होता. गोवर झाला नि गेला.”

गुमही बाजेच्या काठावर बसली.

“लहान पोराला तिरडी नसते,” म्हातारी सांगू लागली. “पेंढ्याच्या चटईत गुंडाळून बाप डोंगरात नेतो. कुठं पुरलं ते आईला सांगत नाहीत. आणि घरात सासू-सासरे असताना पोरासाठी गळा काढायचा म्हणजे निर्लज्जपणा. महिनाभर तिच्या तोंडून हूं की चूं नाही. मग ही सिनेमावाली मंडळी आली. म्हणाली, रडायला बायका पाहिजेत. आम्ही लाजत होतो बघ, आणि तुझी आई सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली. साहेब ‘पुरे’ म्हणाला, कॅमेरा थांबला, ही थांबेना. आम्ही तिघींनी धरून घरी आणली. आणि तो मेला म्हणतो कसा, काय नटी आहे!”

“मग?”

“मग काय? वर्षभरात तुझे आईबाप शहरात गेले. इथं जो भेटेल तो तिला चिलबोकची आई म्हणणार. किती दिवस ऐकायचं तिनं?”

गुमहीने फोटोकडे पाहिलं. आईचा जबडा उघडा होता, हात मातीत रुतले होते. आता तरी रडू येईल असं गुमहीला वाटलं. आलं नाही.

“त्याचं श्राद्ध कोण घालायचं?” तिने विचारलं.

“पोराचं कसलं श्राद्ध? आईबापानं पोरापुढं वाकायचं नसतं. धाकट्यानं थोरल्यापुढं वाकायचं. त्याच्या पाठी धाकटं होतं कोण तेव्हा?” म्हातारीने पुन्हा लसूण हातात घेतली. “साधा नमस्कारसुद्धा कुणी केला नाही त्याला.”

बापाच्या श्राद्धाला, सणावाराला, चोपन्न वर्षांच्या आयुष्यात गुमही थोरली म्हणून भावंडांत सगळ्यात पुढे उभी राहत आली होती. ती उठली आणि तिरडीपाशी गेली. बूट काढून बाजूला ठेवले. हातावर हात ठेवून ते कपाळाशी नेले, गुडघे टेकले आणि डोकं मातीला लावलं. मेलेल्या माणसाला दोन नमस्कार असतात. तिने पहिला घातला आणि उभी राहिली. छातीत अजूनही काहीच हललं नव्हतं. पण हात मात्र न चुकता पुन्हा कपाळाकडे निघाले होते.

ते जोडपं सुतकी कपडे परत करायला निघालं होतं. पोरगी थबकली.

“अहो काकू,” ती हसत म्हणाली, “सिनेमात इथं नमस्कार नाहीये. नुसतं रडायचंय!”

“माहीत आहे,” गुमही म्हणाली, आणि दुसऱ्यांदा वाकली.