बॉयलरमधलं पाणी

शेडमधलं फडकं बाजूला करून मी ते विकायला काढलेलं, वाफेवर चालणारं हातभर लांबीचं इंजिन उचललं, तर आत पाणी हिंदकळलं.

"काकू, बॉयलर भरलेलाच ठेवलाय! आतून खराब झाला असणार. मी नाही घेत."

"शक्यच नाही. बागेत ही गाडी चालवायच्या आधी आमचे हे त्यात पाणी भरायचे आणि चालवून झाली की रिकामं करूनच उठायचे. कधी म्हणजे कधी चुकले नाहीत. नंतर कोणी हातही लावला नाही."

वैतागून मी तळाची तोटी उघडली. हिरवट पाणी आलं. काकूंनी ओंजळ धरली.

नऊ वर्षांपूर्वी काका सकाळी बाहेर पडले ते परतलेच नाहीत, हे त्यांनी मघाशी चहा देताना सांगितलं होतं. पोलीस म्हणाले, घर सोडून गेले. मुलंही तेच म्हणाली. शेवटी काकूंनी शोधणं थांबवलं.

"म्हणजे त्या दिवशी गाडी चालवायची होती यांना," काकू ओंजळीकडे बघत म्हणाल्या. "परत येणार होते हो. आणि मी शोधायचं सोडून शिव्या देत बसले."

बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं. मी घाईघाईने तोटी बंद करायला गेलो. बॉयलर रिकामा झाला होता.